मतं समसमान पडली तर? सारखे येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

निकाल लागायला लागले की हे प्रश्न येतातच. कुणाला ईश्वरचिठ्ठी खरी वाटत नाही, कुणाला सभागृहाच्या अध्यक्षाचं निर्णायक मत समजत नाही, कुणी नुसतंच विचारतं की एका मताने काय फरक पडतो. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केलेत. भारतातले नियम आधी, जिथे बाहेरचं उदाहरण जास्त बोलकं आहे तिथे ते. एकच गोष्ट दोनदा लिहायचा कंटाळा आहे म्हणून प्रश्नांना नंबर दिलेत, "प्रश्न अमुक बघा" म्हटलं की तिकडे जा.

1. टाय झाली असं नक्की कधी म्हणायचं?

दोन उमेदवारांची मतं सारखी झाली म्हणजे लगेच टाय असं नाही. तिसऱ्या आणि चौथ्या नंबरवरच्या दोघांना सारखी मतं पडली तर कुणाला काय पडलंय त्याचं. कायद्याच्या भाषेत टाय तेव्हाच, जेव्हा त्या सारख्या मतं असलेल्यांपैकी कुणाच्या पारड्यात एक मत जास्त टाकलं की तो निवडून येईल. म्हणजे भांडण पहिल्या जागेचं हवं. तिघांची मतं सारखी असली तरी नियम तोच, चिठ्ठ्या तीन होतील एवढंच.

2. मग फेरमतदान घेतात का?

लोकसभा-विधानसभेला नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951, कलम 65. मोजणी संपली, मतं सारखी निघाली, तर निवडणूक निर्णय अधिकारी तिथल्या तिथे लॉट टाकून, म्हणजे चिठ्ठी काढून, निकाल लावतो आणि ज्याच्या बाजूने लॉट पडला त्याला एक मत जास्त मिळालं असं धरून पुढे जातो. म्हणजे कागदोपत्री तो "चिठ्ठीने" नाही तर एका मताने जिंकतो, हे मला फार आवडतं. "नंतर बघू, वरून विचारून सांगतो" असली सोय अधिकाऱ्याला नाही, त्याला लगेचच निर्णय करायचा असतो.

3. ईश्वरचिठ्ठी प्रत्यक्षात काढतात कशी? काही ठरलेली पद्धत आहे का?

कायदा लॉट म्हणतो आणि थांबतो. बरणी कुठली, कागद केवढा, घडी कशी घालायची हे त्यात नाही. आपल्याकडे रूढ पद्धत म्हणजे सारख्या आकाराच्या कागदांवर नावं, सारख्या घड्या, रिकामा डबा, आणि बऱ्याचदा चिठ्ठी उचलायला एखादं लहान मूल, कारण त्याच्यावर कुणी संशय घेत नाही. उमेदवार किंवा त्यांचे प्रतिनिधी समोर, कॅमेरा चालू. अधिकारी शहाणा असेल तर उचललेल्या चिठ्ठीनंतर डब्यात राहिलेली चिठ्ठीही उघडून दाखवतो, म्हणजे दोन्हीवर एकच नाव होतं असं उद्या कुणी म्हणायला नको.

जगात याचे प्रकार पुष्कळ. कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड आयलंडमध्ये 2015 साली एका मतदारसंघात दोघांना 1,173 - 1,173 मतं पडली आणि नाणं उडवून आमदार ठरला. अमेरिकेच्या नेवाडात तर पत्ते काढतात, ज्याचं पान मोठं तो जिंकला. तिथे 2002 मध्ये एका काउंटीच्या निवडणुकीत दोघांनीही गुलामच काढला, मग इस्पिकचा गुलाम चौकटच्या गुलामाला भारी म्हणून निकाल लागला. हसू येतं खरं, पण हे आधीपासून ठरलेलं होतं का? होतं. मुद्दा तोच आहे.

4. आपल्याकडे हे खरंच झालंय का, की नुसतं पुस्तकातलं?

झालंय. सगळ्यात गाजलेलं म्हणजे मुंबई महापालिका, फेब्रुवारी 2017, प्रभाग 220. भाजपचे अतुल शहा आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर, दोघांना 5,946. चिठ्ठी निघाली शहांची. त्या वर्षी दोन्ही पक्ष एकेका नगरसेवकाचा हिशेब लावत होते, त्यामुळे त्या एका कागदाच्या तुकड्याला केवढं वजन आलं असेल बघा. ग्रामपंचायतीत तर हे दर निवडणुकीत कुठे ना कुठे होतंच, कारण वॉर्ड छोटे, मतं दोन-तीनशे. का होतं त्याचं गणित प्रश्न 10 मध्ये.

राज्यसभेचं 2024 चं प्रकरण वेगळंच आहे, तिथे चिठ्ठी उलटी चालली. ते पुढे, प्रश्न 19.

5. पाच वर्षांचा प्रतिनिधी नशिबावर निवडायचा? हा मतदारांचा अपमान नाही का?

हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि राग समजण्यासारखा आहे. पण जरा उलट बाजूने बघा. मतदारांनी आपलं म्हणणं सांगितलंय, आणि ते असं आहे की दोघंही आम्हाला सारखेच चालतील. आता त्या दोघांत निवड करायला तुम्ही कुणाला बसवणार? अधिकाऱ्याला? मग तो कुणाचा माणूस यावर भांडण. जास्त वयाचा जिंकेल? मग तरुणांनी काय घोडं मारलंय. चिठ्ठीचा मोठा गुण हाच की तिला कुणाचा फोन जात नाही.

आणि चिठ्ठी ही लोकशाहीत बाहेरून घुसलेली गोष्ट नाहीच. प्राचीन अथेन्समध्ये बहुतेक पदं चिठ्ठीनेच भरायचे, त्यासाठी दगडाचं खास यंत्र होतं, निवडणूक ही त्यांना उलट श्रीमंतांच्या सोयीची वाटायची.

फेरनिवडणुकीचा पर्यायही काही देशांत आहे. कॅनडात देशपातळीवरच्या निवडणुकीत न्यायालयीन फेरमोजणीनंतरही टाय राहिली तर पोटनिवडणूक होते. ऐकायला हे जास्त बरं वाटतं. पण दुसरं मतदान म्हणजे पहिल्याचीच कॉपी नसते, वातावरण बदलतं. इंग्लंडमध्ये विंचेस्टरला 1997 साली लिबरल डेमोक्रॅट मार्क ओटन 2 मतांनी जिंकले, हरलेला कोर्टात गेला, निवडणूक रद्द झाली, त्याच वर्षी पुन्हा मतदान झालं आणि ओटन 21,556 मतांनी जिंकले. माणसं तीच, सहा महिन्यांत 2 चे 21 हजार. त्यामुळे फेरमतदान घेतलं की "खरा कौल" कळतो असं मला तरी वाटत नाही, दुसरा कौल कळतो.

6. मतं सारखी झाली की थेट चिठ्ठी? मधे काहीच तपासणी नाही?

आहे, आणि माझ्या मते खरी लढाई इथेच असते. चिठ्ठी ही अगदी शेवटची पायरी. तिच्या आधी प्रत्येक मत पुन्हा खाली-वर करून बघायला मिळतं आणि ज्या उमेदवाराचे काउंटिंग एजंट जागे असतात त्याला त्याचा फायदा होतो.

पहिली गोष्ट फेरमोजणी. आकडे जाहीर झाले की उमेदवार किंवा त्याचा प्रतिनिधी लेखी अर्ज देऊन, कारणं सांगून फेरमोजणी मागू शकतो, पूर्ण किंवा काही भागाची. अधिकारी ती नाकारूही शकतो पण कारण लिहून. आणि एकदा का अंतिम निकालपत्रकावर सही झाली की मग अर्ज चालत नाही, म्हणजे तोंडाने ओरडत बसण्यात जी दहा मिनिटं जातात ती महागात पडतात.

दुसरी, पोस्टल मतं. सही नाही, घोषणापत्र जोडलं नाही, लिफाफा चुकीचा, अशा कारणांनी यातली बरीच बाद होतात. विजयाचं अंतर बाद पोस्टल मतांपेक्षा कमी असेल तर ती सगळी बाद मतं पुन्हा तपासायचीच असा आयोगाचा नियम आहे. टाय म्हणजे अंतर शून्य, तेव्हा एक जरी मत बाद असलं तरी तपासणी आलीच.

तिसरी, व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या, म्हणजे मतदान यंत्राला जोडलेल्या प्रिंटरमधून प्रत्येक मताची पडणारी कागदी पावती. त्या मोजायची मागणी उमेदवार लेखी करू शकतो, आणि मोजल्यावर मशीनचा आकडा आणि चिठ्ठ्यांचा आकडा जुळला नाही तर चिठ्ठ्यांचा आकडा धरतात.

एका मताने काय होतं याचं अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याइतकं सुंदर उदाहरण दुसरं नाही. 2017, तिथल्या विधानसभेचा 94 वा मतदारसंघ. पहिल्या मोजणीत रिपब्लिकन डेव्हिड यान्सी 10 मतांनी पुढे. फेरमोजणीत डेमोक्रॅट शेली सायमंड्स 1 मताने पुढे. मग एक मतपत्रिका निघाली जिच्यावर मतदाराने दोघांच्याही नावापुढचे गोल रंगवले होते आणि एकावर काट मारली होती. तीन न्यायाधीशांनी बसून ठरवलं की हे मत यान्सीचं. झाले दोघांचे 11,608. 4 जानेवारी 2018 ला भांड्यातून नाव काढलं, यान्सी. आणि त्या एका जागेमुळे सभागृह 50-50 व्हायचं ते रिपब्लिकनांकडे 51-49 राहिलं. म्हणजे एका माणसाच्या हातून रेघ कशी ओढली गेली यावर अख्ख्या राज्याचं सभागृह अडलं होतं. सायमंड्सबाई 2019 ला ती जागा जिंकल्या, पण ते पुढचं.

7. नोटाला आणि उमेदवाराला सारखी मतं पडली तर?

लोकसभा-विधानसभेत नोटा, म्हणजे "वरीलपैकी कुणीही नाही" हा पर्याय, उमेदवार नाही, त्यामुळे त्याच्याशी टाय होऊच शकत नाही. नोटाला पहिल्या नंबरची मतं पडली तरी उमेदवारांपैकी ज्याला जास्त तो निवडून येतो. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी राज्य निवडणूक आयोगाने 2018 मध्ये वेगळं ठरवलं, नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक. तेव्हा कुठल्या निवडणुकीबद्दल बोलतोय ते आधी बघा आणि मग वाद घाला.

8. निवडणूक अधिकारी स्वतःचं मत टाकून टाय का सोडवत नाही?

कारण तसा अधिकार त्याला नाही. तो त्या मतदारसंघाचा मतदार असेल तर त्याने आपलं मत इतरांसारखंच आधी दिलेलं असतं, मोजणीच्या टेबलावर त्याला ज्यादा मत नाही. सभागृहाच्या अध्यक्षाशी लोक याची गल्लत करतात, तो प्रकार प्रश्न 11 मध्ये आहे.

9. एका मताने खरंच कुणी हरलंय?

हो की. राजस्थानात 2008 साली नाथद्वारामधून सी. पी. जोशी हरले, 62,215 विरुद्ध 62,216. ते तेव्हा प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष होते, पक्ष सत्तेत आला, मुख्यमंत्रिपदासाठी त्यांचं नाव चर्चेत होतं, आणि स्वतःचीच जागा गेली. त्याआधी 2004 ला कर्नाटकात संथेमरहळ्ळीत ए. आर. कृष्णमूर्ती 40,751 ला अडकले आणि आर. ध्रुवनारायण 40,752 वर जिंकले. लोकसभेला एका मताचा निकाल नाही लागलेला, तिथे सगळ्यात कमी अंतर 9 मतांचं, तेही दोनदा, 1989 ला अनकापल्ली आणि 1998 ला राजमहल. अलीकडचं म्हणाल तर मुंबई उत्तर पश्चिम, 2024, रवींद्र वायकर 48 मतांनी.

विचार करा, जोशींचा एक मतदार जास्त घराबाहेर पडला असता तर चिठ्ठी टाकावी लागली असती, दोन पडले असते तर ते आमदार.

10. टाय होण्याची शक्यता असते तरी किती?

कागदावरचं गणित सोपं आहे. दोनच उमेदवार, प्रत्येक मतदार जणू नाणं उडवून मत देतोय असं धरा. 100 मतदार असतील तर बरोबर 50-50 होण्याची शक्यता जवळपास 8 टक्के. 10,000 मतदार असतील तर 0.8 टक्के, म्हणजे सव्वाशे वेळा निवडणूक घेतली तर एकदा. मतदार शंभरपट वाढले की शक्यता दहापट कमी होते, शंभरपट नाही. बऱ्याच जणांना वाटतं त्यापेक्षा ही शक्यता जास्तच आहे.

पण खरे मतदार नाणं उडवत नाहीत. एका बाजूचा कल थोडा जरी जास्त असला, 52-48 म्हणा, तर मोठ्या मतदारसंघात टायची शक्यता जवळजवळ मरतेच. म्हणून ग्रामपंचायतीत चिठ्ठ्या निघतात आणि लोकसभेत नाही.

11. विधानसभेत किंवा लोकसभेत ठरावावर मतं सारखी पडली तर अध्यक्ष दोनदा मत देतात का?

नाही, एकदाच, आणि तेही फक्त टाय झाली तर. राज्यघटनेचं कलम 100 संसदेसाठी आणि 189 राज्यांसाठी. अध्यक्ष किंवा सभापती पहिल्या फेरीत मत देत नाहीत, मतं सारखी झाली की त्यांना निर्णायक मत असतं. आणि घटनेची भाषा अशी आहे की ते मत त्यांनी द्यायचंच, "मला या भानगडीत पडायचं नाही" म्हणून गप्प बसता येत नाही. खुर्चीवर त्या वेळी जो बसलाय, उपाध्यक्ष असो, तालिका अध्यक्ष असो की हंगामी अध्यक्ष, अधिकार त्याचा.

दोन मतांचा प्रकार वेगळ्या ठिकाणी असतो. ब्रिटनमधल्या स्थानिक कौन्सिलात अध्यक्ष सभासद म्हणून एक मत देतो आणि टाय झाली की दुसरं. बऱ्याच संस्थांच्या आणि समित्यांच्या नियमांतही तसं लिहिलेलं असतं. तुमच्या संस्थेत काय आहे ते तुमच्या उपनियमांत बघा, लोकसभेचा दाखला तिथे चालणार नाही.

12. वाजपेयी सरकार एका मताने पडलं तेव्हा अध्यक्षांनी मत का नाही दिलं?

कारण टाय झालीच नाही. 17 एप्रिल 1999, विश्वासदर्शक ठराव, बाजूने 269, विरोधात 270. निर्णायक मत फक्त बरोबरीला चालतं, एका मताने हरणाऱ्याला वाचवायला नाही. अध्यक्ष होते जी. एम. सी. बालयोगी, तेलुगू देसमचे, आणि तो पक्ष सरकारच्या बाजूने होता. म्हणजे विरोधातलं एक मत पडलंच नसतं तर देशाचं सरकार बालयोगींच्या एका मतावर येऊन थांबलं असतं.

तेव्हा गाजले गिरिधर गमांग. ते फेब्रुवारीत ओडिशाचे मुख्यमंत्री झाले होते पण खासदारकी सोडलेली नव्हती, सहा महिन्यांची मुदत होती, म्हणून आले आणि विरोधात मत देऊन गेले. नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोझ यांनीही पक्षाचा आदेश मोडून विरोधात मत दिलं. लोक खापर गमांगांवर फोडतात, पण 270 मधलं प्रत्येक मत शेवटचंच होतं की.

13. अध्यक्ष निर्णायक मत आपल्या पक्षालाच देणार ना? मग उपयोग काय?

आपल्या घटनेत कुणाला द्यायचं ते लिहिलेलं नाही, त्यामुळे प्रत्यक्षात बहुतेकदा तसंच होईल असं धरून चाला, मी काही वेगळं सांगून तुमची समजूत काढणार नाही. पण ब्रिटनमध्ये एक संकेत आहे, 1860 च्या दशकातले स्पीकर जॉन एव्हलिन डेनिसन यांच्या नावाने ओळखला जातो. चर्चा पुढे चालू राहील अशा बाजूने मत द्यायचं, आणि शेवटचा निर्णय असेल तर आहे ते बदलायचं नाही, कारण बदल करायचा तर बहुमत सभागृहाने दाखवायला हवं, ते खुर्चीने तयार करून द्यायचं नाही. 3 एप्रिल 2019 ला ब्रेक्झिटच्या गोंधळात 310-310 झाले तेव्हा स्पीकर बर्को यांनी हेच सांगून "नाही"ला मत दिलं. त्याआधीची टाय 1993 ची, 317-317, आणि गंमत म्हणजे नंतर कळलं की मोजणाऱ्यांचीच एका मताची चूक होती.

14. ठराव अध्यक्षांनाच हटवायचा असेल तर?

चांगला पकडलात. तेव्हा नियम बरोबर उलटा होतो. हटवण्याचा ठराव चर्चेला असताना अध्यक्ष खुर्चीवर बसत नाहीत, पण सभागृहात हजर राहू शकतात, बोलू शकतात, आणि साध्या सभासदासारखं पहिल्या फेरीत मत देऊ शकतात. टाय झाली तर मात्र निर्णायक मत त्यांचं नाही. लोकसभेसाठी कलम 96, विधानसभेसाठी 181. राज्यसभेच्या सभापतींना तर हटवण्याच्या ठरावावर कसलंच मत नाही, का ते पुढच्या प्रश्नात कळेल.

15. उपराष्ट्रपती राज्यसभेत मत देतात का?

ते सभापती असतात पण सभासद नसतात, त्यामुळे टाय सोडली तर मत नाही. अमेरिकेत सिनेटची हीच रचना आहे, आणि तिथे तिचा वापर आपल्यापेक्षा खूप जास्त होतो. 2021 ला सिनेट 50-50 झालं आणि कमला हॅरिस यांनी चार वर्षांत 33 वेळा निर्णायक मत दिलं, आधीचा विक्रम जॉन कॅल्हून यांचा 31 चा, तोही दीडशे-दोनशे वर्षं जुना. पुढे जे. डी. व्हान्स यांनीही जानेवारी 2025 मध्ये संरक्षणमंत्र्यांची नेमणूक 51-50 अशी आपल्या मताने पार पाडली.

16. सगळ्या देशांत निर्णायक मत असतं का?

अजिबात नाही. जर्मनीच्या संसदेत किंवा न्यूझीलंडमध्ये मतं सारखी झाली की ठराव नापास, विषय संपला. यामागचा विचारही सरळ आहे, बहुमत मिळालं नाही म्हणजे नाही मिळालं. ऑस्ट्रेलियात तर खालच्या सभागृहात अध्यक्षाला निर्णायक मत आहे आणि वरच्या सभागृहात नाही.

स्वीडनची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. 1973 च्या निवडणुकीत दोन्ही गटांना 175-175 जागा मिळाल्या, एकूण 350. पुढची तीन वर्षं अडलेले ठराव चक्क चिठ्ठ्या टाकून सुटत होते, लोक त्याला लॉटरी संसद म्हणायला लागले. मग त्यांनी शहाणपणा केला, पुढच्या निवडणुकीपासून जागाच 349 केल्या.

17. मग सभासदांची संख्या विषम ठेवली की टाय होणारच नाही, बरोबर?

स्वीडनकडे बघून असं वाटतं खरं, पण सगळे हजर असतील तरच. आपल्याकडे निर्णय "हजर राहून मत देणाऱ्यां"च्या बहुमताने होतो, तेव्हा तटस्थ बसलेला किंवा कॅन्टीनमध्ये गेलेला मोजलाच जात नाही. एकजण तटस्थ राहिला की विषमचं सम झालं. मतदानाच्या दिवशी व्हिप, म्हणजे पक्षाचा आदेश, काढून आजारी माणसालाही व्हीलचेअरवरून आणतात ते उगाच नाही.

18. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाला टाय झाली तर?

इलेक्टोरल मतं 538, त्यामुळे 269-269 होऊ शकतं. मग निर्णय प्रतिनिधीगृहात, पण एका राज्याला एकच मत, जिंकायला 26 राज्यं. उपाध्यक्ष मात्र सिनेट निवडतं. म्हणजे राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि उपाध्यक्ष दुसऱ्याचा असंही निघू शकतं. टाय झालीय एकदा, 1800 च्या निवडणुकीत, जेफरसन आणि बर दोघांना 73-73. गंमत म्हणजे दोघे एकाच पक्षाचे, तेव्हा दोन्ही पदांसाठी वेगळं मतदान नव्हतं. प्रतिनिधीगृहात 36 फेऱ्या झाल्या तेव्हा कुठे फेब्रुवारी 1801 ला जेफरसन निवडून आले. 1804 ची बारावी घटनादुरुस्ती त्यातूनच आली.

19. हिमाचलमध्ये चिठ्ठी ज्याची निघाली तोच हरला म्हणे, हे कसं काय?

हा सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न, आणि सगळ्यात अवघडही. फेब्रुवारी 2024, राज्यसभेची एक जागा, 68 आमदार. काँग्रेसकडे 40 आमदार असूनही सहाजण फुटले, तीन अपक्षही भाजपकडे गेले, आणि काँग्रेसचे अभिषेक मनु सिंघवी 34, भाजपचे हर्ष महाजन 34. चिठ्ठी काढली, नाव निघालं सिंघवींचं, आणि विजयी घोषित झाले महाजन.

चूक झाली नव्हती, निदान अधिकाऱ्याच्या वाचनाप्रमाणे नाही. राज्यसभेची निवडणूक पसंतीक्रमाची असते. जिंकायला ठरावीक कोटा लागतो, इथे 68 भागिले 2 अधिक 1 म्हणजे 35. तो दोघांनीही गाठला नव्हता. या पद्धतीत कोटा कुणी गाठला नाही की सगळ्यात मागचा उमेदवार बाद करत जातात आणि शेवटी जो उरतो तो निवडून येतो. तर चिठ्ठी इथे "कोण जिंकलं" यासाठी नसते, "कुणाला बाद करायचं" यासाठी असते. प्रश्न 2 मधलं कलम 65 आणि ही पद्धत, दोन्हीत शब्द लॉट हाच, अर्थ बरोबर उलटा. सिंघवी याच मुद्द्यावर हायकोर्टात गेले, की चिठ्ठीत नाव निघणारा हरतो हे व्यवहाराच्या आणि कायद्याच्याही विरुद्ध आहे. मला विचाराल तर नियमाचं तर्कशास्त्र बरोबर आहे, पण डब्यातून आपलं नाव निघाल्यावर क्षणभर हसलेल्या माणसाला ते समजावून सांगायची वेळ माझ्यावर येऊ नये.

20. चिठ्ठीत हरलेला कोर्टात जाऊ शकतो का?

जाऊ शकतो, निकालापासून 45 दिवसांत, हायकोर्टात निवडणूक याचिका. पण "नशीब खराब होतं" हे कारण चालत नाही, मोजणीत चूक, बाद मत चुकीने बाद केलं, चुकीचं मत धरलं, असं काही दाखवावं लागतं. इथे प्रदत्त मतं कामाला येतात. तुम्ही केंद्रावर गेलात आणि तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलंय, तर तुम्हाला मतपत्रिका देतात आणि ती वेगळ्या पाकिटात ठेवतात. मोजणीच्या दिवशी ती मोजत नाहीत, पण याचिकेत कोर्ट ती उघडायला लावू शकतं, आणि एक-दोन मतांच्या खेळात तीच निकाल फिरवू शकते.

आता यातली पाचर. कोर्टातल्या मोजणीनंतरही टायच निघाली तर? कलम 102. त्याच दोघांत अधिकाऱ्याने आधीच चिठ्ठी टाकलेली असेल तर तीच धरायची, पुन्हा टाकायची नाही. आणि टाय नव्याने कोर्टातच निघाली असेल, म्हणजे आधी एकजण दोन मतांनी जिंकला होता आणि ती दोन बाद झाली, तर चिठ्ठी टाकणार हायकोर्ट.

21. चिठ्ठीत हरलेल्याचं डिपॉझिट जातं का?

टाय करणाऱ्याचं सहसा नाही, कारण डिपॉझिट वाचवायला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं लागतात आणि बरोबरीत आलेल्याला ती असतातच. "जास्त" हा शब्द मात्र नीट वाचा. 60,000 वैध मतं असतील आणि एखाद्याला बरोबर 10,000 पडली तर डिपॉझिट गेलं, 10,001 पडली तर वाचलं, इथे बरोबरी झाली म्हणून कुणी चिठ्ठी टाकत नाही.